ध्वनिवर्धक आणि मराठी व्यंजन : सभास्थानी शब्द कोठे हरवतो?

सभेत वक्त्याचा आवाज पोचणे ही एक गोष्ट आणि त्याचा शब्द पोचणे ही दुसरी. ध्वनिवर्धनाची साधने भाड्याने देणारा, ती आणवणारा आणि त्यांच्यासमोर उभा राहून बोलणारा, हे तिघेही पहिल्या गोष्टीची काळजी वाहतात. दुसरी तिच्यामागून आपोआप येते असे गृहीत धरले जाते. या गृहीताकडे भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावयास हवे, असे प्रस्तुत लेखकास वाटू लागले ते एका साध्या प्रसंगामुळे.

हिंगणा तालुक्यातील एका गावी रस्त्याच्या कामासंबंधी गावकऱ्यांची सभा होती. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत कापडी मंडप, बसावयास सतरंज्या आणि दोन खांबांवर दोन भोंगे, अशी नेहमीची व्यवस्था होती. ज्यांना हरकत घ्यावयाची असेल त्यांनी ती सात दिवसांच्या आत लेखी द्यावी, असे व्यासपीठावरून दोनदा सांगण्यात आले. मागल्या अंगाला बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने ही मुदत साठ दिवसांची समजली. त्यांच्या शेजारच्या दोघांनीही तसेच ऐकले होते. हरकत लिहून झाली तेव्हा मुदत टळून तीन आठवडे लोटले होते. गृहस्थांचे कान चांगले होते. पुढे भेट झाली तेव्हा ते म्हणाले, ‘‘आवाज त मोठा होता ना सर, पन साठच आयकू आलं.’’ या वाक्यात दोष नेमका कोठे आहे ते सांगितलेले आहे. आवाज मोठा होता आणि तरीही शब्द पोचला नाही.

प्रथम साधनांचा परिचय करून घेऊ. बोलीत ‘माइक’ हा शब्द संपूर्ण यंत्रणेस लावला जातो. ‘गावात माइक लावला आहे’ याचा अर्थ भोंगा वाजत आहे, असा होतो. येथे मात्र माइक म्हणजे आवाजाचे विजेच्या स्पंदनांत रूपांतर करणारे साधन, वर्धक म्हणजे ती स्पंदने बलवान करणारे यंत्र, आणि भोंगा किंवा कर्णा म्हणजे त्यांचे पुन्हा आवाजात रूपांतर करून तो एका दिशेस फेकणारे साधन, असा अर्थ घेतला आहे. पूर्वीच्या दुंदुभी-कर्ण्यांच्या ताफ्यातील ‘कर्णा’ हे नाव लाउडस्पीकरच्या तुतारीसारख्या तोंडास सहजपणे चिकटले. माइक आणि वर्धक यांच्या दरम्यान हल्ली मिक्सर असतो आणि त्यावर आवाजाचा खर्ज-टीप कमीअधिक करावयाच्या चकत्या असतात. त्यांतील एक चकती ‘इको’ची. तिच्याविषयी पुढे अधिक सांगावयाचे आहे.

हे सर्व साहित्य विदर्भात जेथे मिळते त्या दुकानास ‘बिछायत केंद्र’ म्हणतात. पुण्यामुंबईचा वाचक या पाटीपुढे थबकतो. त्याच्याकडे मंडप कॉन्ट्रॅक्टर किंवा डेकोरेटर असतो. बिछायत म्हणजे खाली अंथरावयाचे जाजम, सतरंजी, गादी. शब्द हिंदीच्या वाटेने आलेला आहे. दुकानात पुढे खुर्च्या आल्या, भांडी आली, माइक आला, दिव्यांच्या माळा आल्या, अलीकडे प्रोजेक्टर आणि एलईडीचा पडदाही आला. पाटीवर बिछायत तेवढी राहिली. अर्थविस्ताराचे इतके स्वच्छ उदाहरण वर्गात सांगावयास सहसा मिळत नाही. नागपूरकडील ‘लॉन’ हा शब्दही असाच आहे. हिरवळीपुरता असलेला अर्थ ओलांडून तो लग्नाच्या जागेस लागला आणि काही ‘लॉनां’त गवताचे पातेही नसते.

आता ध्वनीकडे वळू. बोलण्यातील बळ मुख्यतः स्वरांत असते आणि ते बहुतांशी १,००० हर्ट्‌झच्या खाली एकवटलेले असते. शब्दाची ओळख मात्र मोठ्या प्रमाणात व्यंजनांवर अवलंबून असते, आणि व्यंजनांच्या खुणा साधारणतः १,००० ते ४,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात, काहींच्या त्याहीवर असतात. त्या दुबळ्या आणि क्षणिक असतात. ‘स’चे घर्षण बरेचसे ४,००० हर्ट्‌झच्या वर जाते, ‘श’चे त्याच्या खाली सुरू होते. महाप्राण म्हणजे स्पर्श सुटल्यानंतर सेकंदाच्या काही शतांश भाग टिकणारा श्वासाचा झोत. खरा–करा, फळ–पळ, धार–दार, भात–बात, घडी–गडी या जोड्या ज्यावर उभ्या आहेत तो झोत ‘आ’कारापुढे अगदीच क्षीण असतो. वर्धक सर्वच वाढवतो हे खरे, परंतु स्वर आणि व्यंजन यांतील अंतर तो कमी करीत नाही. आवाज दुप्पट केला की स्वरांचा गडगडाट वाढतो आणि तो सभामंडपात घुमत राहून पुढल्या व्यंजनावर पडतो.

‘सात’ आणि ‘साठ’ यांचेच पाहा. लेखनात त आणि ठ पुरेसे भिन्न आहेत. उच्चारात त्यांच्यात स्थानभेद आहे आणि प्राणभेदही आहे. पण पुढे ‘दिवसांच्या’ आले की काय होते? अंत्य ‘त’ लगेच ‘द’स भिडतो, त्यामुळे त्याचा स्वतंत्र स्फोट ऐकू येत नाही. ‘ठ’चा महाप्राणही त्या ठिकाणी जवळजवळ उरत नाही. मग भेद राहतो तो ‘आ’ या स्वराच्या शेवटच्या टोकात, जिभेचे टोक दातांकडे निघाले आहे की मागे वळून टाळूकडे, एवढ्या वळणात. हे वळण सेकंदाच्या पाच-सहा शतांशांत आटोपते. शांत खोलीत एवढे पुरते. दूरध्वनीवर आपणांस शंका येते आणि आपण ‘साठ, सहावर शून्य’ असे सांगतो. सभेत मात्र तसे सांगावयाचे कोणाच्या मनात येत नाही.

त्या दिवशी ते वळण कशाखाली दडपले गेले हे जागेवर जाऊन पाहिल्यावर स्पष्ट झाले. जवळचा भोंगा त्या मंडळींकडे पाठ करून होता आणि समोरचा, दूरचा भोंगा तोंड करून. म्हणून दोहोंचे आवाज त्यांच्यापाशी साधारण सारख्याच बळाने येत असावेत. दोन्ही अंतरांतील फरक सुमारे ४० मीटर होता. ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे दूरचा आवाज सेकंदाच्या सुमारे ११६ सहस्रांशांनी मागून येणार. मराठी बोलणारा माणूस सेकंदात पाचेक अक्षरे उच्चारतो असे धरले, तर एक अक्षर सुमारे २०० सहस्रांशांचे होते. एका भोंग्यातून ‘सा’चा स्वर ‘त’कडे वळत असता दुसऱ्या भोंग्यातून तोच ‘सा’ नुकता सुरू झालेला असतो. भेदक वळणावर आधीच्या स्वराचा पडदा पडतो. हेल्मुट हास यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले की, थोड्या अंतराने मागून येणारा तोच आवाज कान पहिल्या आवाजात मिसळून घेतो, त्याने ऐकण्यास मदतच होते. अंतर साधारण ५० सहस्रांशांच्या पलीकडे गेले की तो प्रतिध्वनी म्हणून वेगळा जाणवू लागतो आणि बोलणे बिघडवतो. येथे अंतर त्याच्या दुपटीहून अधिक होते.

यावर तिसरा भोंगा हा उपाय नव्हे. तो बहुधा आणखी एक प्रतिध्वनी असतो.

ध्वनिवर्धक नव्हते तेव्हा काय होत असे, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे येतो. डिसेंबर १९२० मध्ये नागपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले, ज्यावरून काँग्रेसनगर हे नाव पडले, त्यास १४,००० हून अधिक प्रतिनिधी होते. अमेरिकेत प्रिडहॅम आणि जेन्सन यांनी १९१५ साली विजेवर चालणारा लाउडस्पीकर जाहीरपणे वाजवून दाखविला होता, परंतु आपल्याकडील सभांत तो अद्याप आला नव्हता. वक्त्यास छातीच्या बळावर बोलावे लागे, म्हणून वाक्ये तोकडी असत आणि दोन वाक्यांत विसावा असे. पुढे गांधीजी व पंडित नेहरू यांच्या सभांच्या छायाचित्रांत माइकवर ‘शिकागो रेडिओ’ ही पाटी दिसू लागते. ती मोटवाने यांची भारतीय कंपनी होती, नाव तेवढे परदेशी. माइक आला आणि वक्त्याची श्वासाची काटकसर संपली, वाक्य लांबले. माइकने मराठी वक्तृत्वात घडविलेल्या या बदलाचा अभ्यास कोणा विद्यार्थ्याने अवश्य हाती घ्यावा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा मराठीतून म्हणवून घेतल्या. माइक होताच. परंतु प्रतिज्ञेची पद्धतच अशी, की एकाने एक छोटे वाक्य सांगावयाचे आणि समुदायाने ते उच्चारावयाचे. शब्द पोचला की नाही याची परीक्षा तेथल्या तेथे होते; ज्यास चुकले त्यास शेजाऱ्याच्या तोंडून दुरुस्ती मिळते. गाडगेबाबांच्या कीर्तनातही हेच दिसते. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नसत. आमच्या सभेतील सात दिवसांची मुदत जर श्रोत्यांकडून एकदा म्हणवून घेतली असती, तर मागल्या कोपऱ्यातून ‘साठ’ असा आवाज निश्चित उठला असता.

मराठीच्या रचनेतच या बाबतीत एक अडचण आहे आणि तिकडे माझ्या समजुतीप्रमाणे पुरेसे लक्ष गेलेले नाही. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार त्याच्याही शेवटी. ‘अनुदान देण्यात येईल’ आणि ‘अनुदान देण्यात येणार नाही’ यांत निर्णायक भाग अखेरच्या दोन-तीन अक्षरांत आहे, आणि विधानवाक्याच्या अखेरीस आवाजाची पट्टी व बळ दोन्ही उतरतात. त्यातच वक्ता वाक्य संपवता संपवता कागदाकडे किंवा शेजाऱ्याकडे मान वळवतो. माइकपासून तोंडाचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो. म्हणजे वाक्याचा जो भाग सर्वांत मोलाचा तोच सर्वांत क्षीण होऊन बाहेर पडतो. ‘अर्ज आला तर’ आणि ‘अर्ज आला तरी’ यांतील फरक एका स्वराचा आहे आणि त्यावर पुढील संपूर्ण वाक्याचा अर्थ फिरतो. जाहीर सूचना देणाऱ्याने नकार आधी आणावा, ‘मिळणार नाही ते असे’ अशी वाक्यरचना करावी, हे व्याकरणास धरून आहे आणि कानासही.

संख्यांचे तसेच. त्रेपन्न–चोपन्न, सत्तावन्न–अठ्ठावन्न यांत शेवट सारखा, भेद आरंभीच्या अक्षरात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा धर्तीचे संख्यावाचन आले, तेव्हा मोठा वाद झाला. घरात आणि बाजारात सत्तावीसच राहावे या मताचा मी आहे. परंतु भोंग्यासमोर ‘वीस सात’ अधिक सुरक्षित आहे, हे कबूल करणे भाग आहे.

आता इकोच्या चकतीविषयी. सकाळी सभेस आलेली तीच सामग्री रात्री भजनास किंवा वरातीस जाते. गाण्यास घुमारा हवा असतो, म्हणून खर्ज वाढविलेला असतो आणि इको चालू असतो. दुसऱ्या दिवशी चकत्यांना कोणी हात लावीत नाही. इतकेच नव्हे, तर सूत्रसंचालकास स्वतःचा आवाज त्या घुमाऱ्यात भारदस्त वाटतो आणि इको बंद केल्यास तो तक्रार करतो, असे हिंगण्यातील एका ध्वनिचालकाने सांगितले. ‘‘सर, इको काढला त साहेब म्हणतात माइक खराब आहे.’’ जो प्रतिध्वनी घालविण्यासाठी सभागृहांचे शिल्पज्ञ हजारो रुपये खर्च करतात, तो येथे मुद्दाम विकत घेतला जातो. याच्या उलट एक नवल आहे. जे. सी. आर. लिकलायडर यांनी १९४० च्या दशकात प्रयोगांनी दाखविले की, बोलण्याच्या लहरींचे शेंडे छाटून टाकले तरी शांत जागी शब्द बव्हंशी कळतात. आवाज कर्कश होतो, एवढेच. म्हणजे जुनाट, खरखरणारा एकटा भोंगा शब्द पोचवील आणि गोड घुमणारे नवे खोके तो गिळून टाकील, असे होऊ शकते. भोंग्यातून सुमारे ४०० हर्ट्‌झच्या खालचा आवाज फारसा निघत नाही, म्हणून गाणे बेसूर लागते, पण बोलण्यास त्याने मोठी हानी होत नाही. त्याचा खरा उणेपणा वरच्या टोकास आहे. पाच-सहा हजार हर्ट्‌झच्या पलीकडे तो थकतो आणि ‘स’ बोथट होतो.

जागेचाही विचार केला पाहिजे. हार्वर्ड येथील एका व्याख्यानगृहात बोललेले काहीच कळत नसे, म्हणून १८९५ पासून वॉलेस सॅबिन यांनी रात्री तेथे शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून मांडल्या आणि घुमणे किती कमी होते ते मोजले. शास्त्राचा आरंभ बिछायतीपासून झाला, असे म्हणावयास हरकत नाही. त्यांच्या सूत्राने आपल्याकडील एखाद्या सभागृहाचा अंदाज घेऊ. १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, ४ मीटर उंच, गिलावा केलेल्या भिंती, फरशी. घनफळ ३८४ घनमीटर, पृष्ठभाग ३५२ चौरस मीटर. हे पृष्ठभाग सरासरी शेकडा ५ ध्वनी शोषतात असे धरल्यास शोषण १७.६ येते आणि घुमण्याचा काळ सुमारे ३.५ सेकंद. शंभर माणसे बसली आणि प्रत्येकाचे शोषण ०.४ धरले, तर तोच काळ १ सेकंदाच्या जवळपास येतो. याचा अर्थ असा, की रिकाम्या सभागृहात चकत्या जुळवून ठेवणे व्यर्थ आहे, आणि वीसच माणसे आलेल्या सभेत माइक लावण्यापेक्षा त्या माणसांस पुढे बोलावणे शहाणपणाचे आहे. कापडी मंडपातून ध्वनी बाहेर निघून जातो, म्हणून तो या दृष्टीने पत्र्याच्या शेडपेक्षा किती तरी चांगला. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडमध्ये कामगारांची सभा ज्याने ऐकली असेल त्यास हे सांगावयास नको. उघड्यावर हवामानही खेळ करते. उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या जमिनीजवळची हवा ध्वनीस वर वळविते आणि मागची मंडळी वंचित राहतात. हिवाळ्याच्या रात्री जमिनीजवळची हवा थंड असल्याने ध्वनी खाली वळतो आणि दोन कोसांवरचे भजन झोप मोडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धकास बंदी घातली आहे, तीस हे भौतिक कारणही जोड देते.

डोळ्यांचे साहाय्य आपण विसरतो. सम्बी आणि पोलॅक यांनी १९५४ मध्ये दाखविले, की गोंगाटात वक्त्याचा चेहरा दिसल्यास शब्द पुष्कळच अधिक कळतात. म्हणून व्यासपीठावरचा उजेड हा शोभेचा भाग नव्हे. वक्त्याच्या मागे झगमगणारा एलईडीचा पडदा आणि तोंडावर अंधार, ही हल्लीची आवडती मांडणी ऐकण्याच्या दृष्टीने घातक आहे. एक दिवा समोरून, किंचित वरून, तोंडावर हवा. आणि माइक ओठांपुढे आडवा न धरता हनुवटीच्या बाजूस, वीतभर अंतरावर. प, ब, म हे ओठांवर दिसतात. त आणि ट मात्र दिसत नाहीत, जीभ दातांआड असते. तेव्हा पडद्यावर पाहुण्यांच्या छायाचित्रांऐवजी मुदतीचा आकडा लिहावा. पडदा त्यासाठी उत्तम आहे.

राहिला परीक्षेचा प्रश्न. ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ ही चाचणी सर्वत्र रूढ आहे. तिने यंत्र चालू आहे एवढे कळते. भाषेच्या दृष्टीने ती निरुपयोगी आहे, कारण हे शब्द ऐकणाऱ्यास आधीच पाठ असतात. अर्धे ऐकू आले तरी मन उरलेले भरून काढते. दूरध्वनीच्या कामासाठी हार्वे फ्लेचर आणि त्यांचे सहकारी निरर्थक अक्षरांच्या याद्या वाचून ऐकणाऱ्याकडून लिहवून घेत, ते याच कारणाने. मराठीसाठी अशी यादी करताना अंदाजाने टाळता न येणाऱ्या जोड्या घ्याव्या लागतील: सात–साठ, पाट–पाठ, खरा–करा, जाड–झाड, धार–दार. एकाने व्यासपीठावरून जोडीतील कोणताही एक शब्द वाचावा, दुसऱ्याने शेवटच्या ओळीत बसून तो लिहावा. पाच मिनिटांचे काम आहे. ज्या जोड्या चुकतील त्यांवरून दोषाची जात ओळखता येते. महाप्राण हरवत असेल तर घुमारा कमी करावा. स आणि श यांत घोटाळा असेल तर वरची टीप वाढवावी. आणि केवळ एका कोपऱ्यात चुका होत असतील, तर दोष भोंग्यांच्या दिशेत आहे.

यादी करताना येथल्या बोलीचे भान मात्र हवे. नागपुरी-वऱ्हाडी बोलणाऱ्यांत पुष्कळांचा ‘ण’ हा ‘न’ होतो आणि ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. डोळा हा डोया होतो. अशा श्रोत्यासमोर काळ–काल किंवा पाण–पान या जोड्या ठेवून त्याने चूक केली, तर ती ध्वनिवर्धकाची की बोलीची, हे सांगता येणार नाही. पुण्यात केलेली यादी हिंगण्यात जशीच्या तशी चालावयाची नाही. वर सांगितलेल्या ध्वनिचालकाबरोबर आम्ही दोन सभांच्या आधी ही पद्धत वापरून पाहिली. पहिल्या वेळी मागल्या ओळीतून ‘सात’ आणि ‘साठ’ सारखेच येत होते. त्यांनी एक भोंगा बंद केला, दुसरा मंडपाच्या पुढल्या टोकास आणून श्रोत्यांच्या डोक्यांच्या रोखाने खाली वळविला आणि इको काढून टाकला. आवाज पहिल्यापेक्षा लहान झाला, शेवटच्या ओळीतील मुलाने दहांपैकी दहाही शब्द बरोबर लिहिले, आणि यजमानांनी येऊन विचारले, की माइक कमी का केला.